नादचित्र : संगणकावरचा एक अभ्यसनीय छंद

राग हा ऐकावयाचा; तरीही तो डोळ्यांना दाखविण्याचा मोह भारतीय चित्रकारांना कित्येक शतकांपूर्वी झाला. राजस्थान, पहाडी प्रदेश आणि दख्खन येथील रागमालांमध्ये तोडी रागिणी हाती वीणा घेऊन हरिणांच्या मेळ्यात उभी असते, तर मेघ राग काळ्या ढगांखाली नृत्य करतो. ही चित्रे मनोहर आहेत यात शंका नाही. परंतु संगीताचा प्राण जो काळ, तोच त्यांच्यात थांबलेला असतो. आलापाची बढत, लयीचा वेग, समेवर येण्यातील आनंद यांपैकी काहीही स्थिर कागदावर उतरत नाही. चित्राला काळ मिळाला तो विसाव्या शतकात, चित्रपटामुळे. आणि नोकरीधंदा सांभाळून एकट्या माणसाला घरच्या घरी नाद व चलच्चित्र ही दोन्ही निर्माण करता येऊ लागली ती संगणकामुळे.

संगणकावर स्वर निर्माण करावेत, त्यांची रचना करावी आणि तिला साजेशी रेषा, बिंदू व आकार यांची हलती मालिका जोडावी, असा हा छंद आहे. मोशन ग्राफिक्स या नावाने जाहिरातींत आणि बातम्यांच्या शीर्षकांत जे दिसते, त्याचेच हे घरगुती आणि कोणत्याही मालाची विक्री न करणारे रूप होय. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावली मोफत मिळतात व साधारण क्षमतेचा संगणक पुरतो. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. बहुसंख्य हौशी मंडळी आधी संगीत पुरे करतात आणि मग चित्राला त्याच्यामागे धावावयास लावतात. ठेका पडला की वर्तुळ फुगते, झांज वाजली की पडदा उजळतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात याची गंमत वाटते. दुसऱ्या मिनिटात कंटाळा येतो. कित्येक संध्याकाळी खर्चून केलेले काम स्वतःलाच पुन्हा पाहवेनासे झाले की छंद तेथेच सुटतो. असे होऊ नये म्हणून चित्राला नादाचा पाठलाग करावयास न लावता, दोघांनाही एकाच मोजणीतून जन्म द्यावा लागतो. ही मोजणी कशी करावी, हा या पाठाचा विषय आहे.

फिल्मच्या कडेवरचा स्वर

या विचाराचा उगम संगणकापूर्वीचा आहे. जर्मनीत ऑस्कर फिशिंगर याने १९३२च्या सुमारास कागदावर नक्षीच्या पट्ट्या काढल्या आणि त्या चित्रफितीच्या ध्वनिपट्टीवर छापून त्या नक्षीचा आवाज ऐकला. त्या काळी चित्रपटाचा ध्वनी फितीच्या कडेला एका अरुंद पट्टीवर प्रकाश व छायेच्या रूपाने नोंदलेला असे. पट्टीतून कमी-अधिक प्रकाश गेला की यंत्र त्याचे आवाजात रूपांतर करी. मायक्रोफोन वगळून थेट त्या पट्टीवरच चित्र काढले, तर कोणीही न गायलेला, न वाजविलेला स्वर उमटणार हे उघड होते.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात रमलेला नॉर्मन मॅकलॅरेन याने ही युक्ती अत्यंत साधेपणाने हाताळली. ‘डॉट्स’ (१९४०) या लघुपटात पडद्यावरचे ठिपके त्याने लेखणीने फितीवर काढले आणि आवाजही तसाच कडेवर काढला. यामागचे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एका फ्रेमच्या कडेला समान अंतरावर १० रेघा मारल्या, तर सेकंदाला २४० रेघा जातात आणि २४० हर्ट्झ कंपनसंख्येचा स्वर ऐकू येतो. रेघा २० केल्या की स्वर नेमका एक सप्तक वर चढतो. ‘सिंक्रोमी’ (१९७१) या लघुपटात तर त्याने ध्वनिपट्टीवरील नक्षीच रंगवून पडद्यावर मांडली. प्रेक्षक जे ऐकतो तेच पाहतो. दोहोंत भाषांतर उरतच नाही.

तिसरे नाव अमेरिकेच्या जॉन व्हिटनी याचे. दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी तोफांच्या नेमबाजीसाठी बनविलेली गणकयंत्रे युद्धानंतर भंगारात निघाली होती. व्हिटनीने त्यांपैकी एक मिळविले, त्याच्या चकत्यांना व पट्ट्यांना नवे काम दिले आणि त्यावर फिरत्या आकृत्यांची चित्रे घेतली. ‘कॅटलॉग’ (१९६१) हा त्या यंत्राच्या करामतींचा नमुनासंग्रह होय. पुढे तो संगणकाकडे वळला. ‘अ‍ॅरबेस्क’ (१९७५) ही त्याची प्रसिद्ध कृती. सुसंवादी स्वरांच्या कंपनसंख्या १, २, ३ अशा साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. मग बिंदूंच्या गती त्याच प्रमाणात ठेवल्या तर डोळ्यांनाही सुसंवाद दिसावा, हा त्याचा सिद्धांत. प्रस्तुत पाठातील मुख्य प्रयोग त्यावरच बेतलेला आहे.

अहमदाबाद आणि मुंबई

भारतात हे वारे उशिरा आले असा समज आहे. तो बरोबर नाही. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला. त्यात मूग सिंथेसायझर होता. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन केज याला भारतीय संगीताचे धडे देणाऱ्या गीता साराभाई यांचा या उपक्रमाशी निकटचा संबंध होता. त्यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या. त्यानंतर त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस याच्या परिश्रमाने निवडक रचना २०२३ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा कोठे सामान्य श्रोत्याला त्या ऐकावयास मिळाल्या.

त्याच सुमारास मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या साहाय्याने कलावंतांसाठी एक कार्यशाळा उघडली होती. तेथे त्यांनी ‘सिझिजी’ हा रेषा, बिंदू व अंकांच्या मांडणीवर आधारलेला लघुपट केला. तो पूर्णपणे मूक आहे. म्हणजे एका शहरात चित्राविना नाद आणि दुसऱ्यात नादाविना चित्र, अशी स्थिती होती. मध्ये अंतर होते ते रात्रीच्या गाडीने पार होईल एवढेच. त्या काळी या दोन्हींसाठी संस्था, शिष्यवृत्ती आणि परदेशी यंत्रे लागत. आज ती सारी सामग्री एका टेबलावर मावते.

मात्रा आणि फ्रेम

संगीताची लय मिनिटाला अमुक मात्रा अशी मोजतात, तर चित्राची गती सेकंदाला अमुक फ्रेम अशी. या दोन मापांची सांगड घालणारे सूत्र एकच : सेकंदाच्या फ्रेमना ६० ने गुणावे आणि मिनिटाच्या मात्रांनी भागावे, भागाकार म्हणजे एका मात्रेच्या फ्रेम. लय १२० आणि चित्र २४ फ्रेमचे असेल तर एका मात्रेला १२ फ्रेम येतात. बारा ही संख्या फार उपयोगी आहे, कारण तिचे दोन, तीन, चार व सहा असे समान भाग पडतात. दुगुन, तिगुन, चौगुन या सर्वांना पूर्ण फ्रेम मिळते. तेच चित्र भारतीय दूरचित्रवाणीच्या प्रथेप्रमाणे २५ फ्रेमचे घेतले, तर मात्रेला साडेबारा फ्रेम येतात आणि प्रत्येक दुसरी मात्रा दोन फ्रेमच्या मध्ये पडते. त्यावर उपाय म्हणजे लय किंचित वाढवून १२५ करावी; पुन्हा बारा फ्रेम मिळतात. एकंदरीत, स्वररचनेला बसण्यापूर्वी हा भागाकार कागदावर करून पाहावा. नंतर केलेली दुरुस्ती महाग पडते.

काही आज्ञावली २४ ऐवजी २३.९७६ फ्रेमचा पर्याय पुढे करतात. फरक हजारात एकाचा असल्याने तो क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात ६४ सेकंदांच्या कृतीत चित्र सुमारे ०.०६४ सेकंदांनी, म्हणजे दीड फ्रेमने मागे राहते आणि तासाभरात हे अंतर साडेतीन सेकंदांहून अधिक होते. बँकेच्या खातेपुस्तकात पैशांच्या अपूर्णांकांची जी दक्षता घेतात, तीच येथेही घ्यावी. ध्वनीसाठी सेकंदाला ४८,००० नमुने ही गणना निवडावी. मग २४ फ्रेमच्या चित्रात प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर २,००० नमुने येतात.

तरीही थोडी चूक राहिली तर? येथे मानवी इंद्रियांचा स्वभाव उपयोगी पडतो. दूरच्या घाटावर कपडा दगडावर आपटताना आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो; प्रकाशाहून नाद मंद असतो हे मनाला जन्मापासून ठाऊक आहे. त्यामुळे ध्वनी उशिरा आला तर माणूस तो सहन करतो, आधी आला तर मात्र लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे असला की तो जाणवू लागतो. मागे असला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. २४ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते. तेव्हा शंका असेल तेथे चित्राला एका फ्रेमने पुढे ठेवावे.

सोळा बिंदूंचा पाठ

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळता येईल. त्रितालाच्या सोळा मात्रांचे स्मरण ठेवून सोळा बिंदू घ्यावेत. सर्व बिंदू एकाच केंद्राभोवती फिरतात, पण निरनिराळ्या त्रिज्येवर : पहिला सर्वांत बाहेर, सोळावा सर्वांत आत. आरंभी सारे बिंदू केंद्राच्या वर एका उभ्या रेषेत रांगेने उभे असतात. संपूर्ण कृतीत पहिला बिंदू एक फेरी पुरी करतो, दुसरा दोन, तिसरा तीन आणि याप्रमाणे सोळावा सोळा. कृतीची लांबी त्रितालाची आठ आवर्तने, म्हणजे १२८ मात्रा. १२०च्या लयीत ६४ सेकंद. २४च्या गतीने १,५३६ फ्रेम.

प्रत्येक बिंदूला एक स्वर द्यावा. पहिल्याचा षड्ज ११० हर्ट्झ धरला, तर दुसऱ्याला २२०, तिसऱ्याला ३३०, असे करीत सोळाव्याला १,७६० हर्ट्झ. बिंदू वरच्या उभ्या रेषेवरून गेला की त्याचा स्वर वाजतो. एवढेच दोन नियम आहेत. याहून अधिक काही रचावे लागत नाही.

या नियमांतून जे निष्पन्न होते ते मात्र चकित करणारे आहे. आरंभीची सरळ रांग क्षणात वाकते, तिची गोगलगाय होते आणि मग सारे बिंदू विखुरतात. कसलाही क्रम उरला नाही असे वाटत असतानाच ३८४व्या फ्रेमला ते चार बाहूंच्या फुलीत गोळा होतात. ५१२व्या फ्रेमला तीन बाहू दिसतात, ७६८व्या फ्रेमला, ऐन मध्यावर, दोन. आणि कानांना काय ऐकू येते? मध्यावर वरच्या रेषेत फक्त सम क्रमांकाचे आठ बिंदू असतात. त्यांचे स्वर २२०, ४४०, ६६० असे असल्याने आरंभीचाच सूर एक सप्तक वर उमटल्यासारखा वाटतो. तीन बाहूंच्या क्षणी तीनने भाग जाणारे पाच बिंदू वाजतात : ३३०, ६६०, ९९०, १,३२० आणि १,६५०. जणू क्षणभर पंचमच षड्ज होतो. त्या वेळी डोळ्यांपुढची आकृती तीन भागांची असते आणि कानावरचा सूरही तीनपटीचा असतो. चित्र नादामागे गेले असे म्हणता येत नाही आणि नाद चित्रामागे गेला असेही नाही.

तानपुऱ्याशी परिचय असणाऱ्यांना या स्वरमालेची ओळख पटेल. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जात गांधार कोणी न छेडता ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. या मालेतील पाचवा स्वर, ५५० हर्ट्झ, तोच. हार्मोनियमच्या किंवा संगणकाच्या समान अंतराच्या पट्ट्यांवर हा गांधार ५५४.३७ हर्ट्झचा असतो. दोन्ही एकत्र वाजविले तर सेकंदाला चारपेक्षा थोडे अधिक आंदोलन स्पष्ट ऐकू येते. सातवा स्वर, ७७० हर्ट्झ, कोमल निषादाच्याही खाली उतरतो, अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मध्ये पडतो. म्हणून या प्रयोगात आज्ञावलीतील पेटीच्या पट्ट्या न वापरता कंपनसंख्या आकड्यांनी द्यावी. सातवा आणि अकरावा हे स्वर प्रथम बेसूर वाटतात. ते काढून टाकण्याची घाई करू नये. दोन-तीन दिवस ऐकल्यावर त्यांची जागा कळते.

कृतीचा क्रम असा ठेवावा. ‘ऑडॅसिटी’ या मोफत आज्ञावलीत हव्या त्या कंपनसंख्येचा शुद्ध स्वर निर्माण करता येतो. तो तीन सेकंदांचा घ्यावा, आरंभी सुमारे दहा मिलिसेकंदांत चढू द्यावा आणि पुढे हळूहळू विरू द्यावा. आरंभ एकदम केला तर ‘टक्’ असा आवाज येतो. पाचव्या बिंदूच्या पट्टीवर या स्वरापुढे शांतता जोडून एकूण लांबी ६४ भागिले ५, म्हणजे १२.८ सेकंद करावी आणि तो तुकडा पुनरावृत्तीच्या सोयीने पाच वेळा उमटवावा. अशाच सोळा पट्ट्या तयार कराव्यात. एकेक स्वर हाताने ठेवावयाचा म्हटला तर दीडशेच्या घरात जुळण्या कराव्या लागल्या असत्या. त्या सोळांवर येतात. ६४व्या सेकंदाची अखेरची सम मात्र सोळाही पट्ट्यांवर वेगळी ठेवावी लागते.

समेच्या क्षणी सोळा स्वर एकदम वाजतात. संगणकातील ध्वनीला कमाल मर्यादा असते; ती ओलांडली की स्वर फाटतो. त्यामुळे प्रत्येक पट्टीची पातळी सोळाव्या हिश्शावर, म्हणजे २४ डेसिबलने खाली आणावी. अंतिम मिश्रण हळू वाटले तर शेवटी एकत्रित उंचवावे. हेडफोन लावून आधी आवाज कमी ठेवूनच ऐकावे, हे सांगावयास नको.

चित्रासाठी ‘ब्लेंडर’ ही मोफत आज्ञावली पुरेशी आहे. प्रत्येक बिंदू केंद्रस्थानी ठेवलेल्या एका अदृश्य कण्याला बांधावा आणि तो कणा फिरवावा. पहिल्या फ्रेमला कोन शून्य, १,५३७व्या फ्रेमला पहिल्या बिंदूचा ३६० अंश, दुसऱ्याचा ७२०, सोळाव्याचा ५,७६०. मोजणी शून्यापासून न होता एकपासून होते म्हणून येथे सर्व आकडे एकने पुढे जातात. मध्य ७६९वर येतो. दुसरी एक गोष्ट नवशिक्याला हमखास फसविते. आज्ञावली आपणहून गतीला सुरुवातीस मंद, मध्ये जलद आणि शेवटी पुन्हा मंद करते. चेंडू किंवा पात्र हलविताना हे शोभून दिसते, पण येथे त्यामुळे सारे गणित मोडते. तीन बाहूंची आकृती ५१३व्या फ्रेमला येतच नाही. म्हणून सर्व बिंदूंची गती प्रथम सरळ रेषेतील, म्हणजे एकसारखी करून घ्यावी. समेनंतर बिंदू रांगेत स्थिर ठेवून १२० फ्रेम, म्हणजे पाच सेकंद, स्वरांना विरू द्यावे.

ज्यांना थोडी संगणकभाषा अवगत आहे त्यांनी ‘प्रोसेसिंग’ वापरावी. बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ मध्ये कलावंतांसाठी तयार केलेल्या या साधनात वरील प्रयोग पंधरा-वीस ओळींत होतो. बिंदूचा कोन मात्र घड्याळावरून न काढता फ्रेमच्या क्रमांकावरून काढावा. संगणक मंदावला की घड्याळ थांबत नाही, चित्र मात्र अडते आणि सांधा निसटतो.

चित्राने किती बोलावे

पहिला प्रयोग साधला की हात शिवशिवू लागतात : प्रत्येक स्वराला रंग, प्रत्येक आघाताला चमक, पार्श्वभूमीवर धूर. येथे मैफलीतील साथसंगतीची आठवण ठेवावी. चांगला हार्मोनियमवादक गायकाची प्रत्येक हरकत वाजवून दाखवीत नाही. तो काही जागा सोडतो, काही धरतो. सोळा बिंदूंच्या प्रयोगात आकृती जुळण्याचे क्षण मोजके असतात आणि म्हणूनच ते मोलाचे ठरतात. त्या क्षणीच रंग बदलावा, एरवी बिंदू पांढरेच ठेवावेत. इतके केले तरी पाहणारा पुढच्या जुळणीची वाट पाहू लागतो, आणि वाट पाहणे हेच समेच्या आनंदाचे मूळ आहे.

चमकेबद्दल आणखी एक सूचना आहे आणि ती रसिकतेपेक्षा गंभीर आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या मालिकेच्या एका भागात लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून चमकला. तो पाहून सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती. काही व्यक्तींना अशा उघडझापीने अपस्माराचा झटका येतो आणि आपल्याला असा त्रास आहे हे त्यांना आधी माहीतही नसते. म्हणून पडद्याचा मोठा भाग सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा उजळू-विझू नये, असा दंडक पुढे सर्वत्र मान्य झाला. हौशी कलावंताने तो आपल्या लयीत मोजून घ्यावा. १२०च्या लयीत प्रत्येक मात्रेला चमक दिली तर सेकंदाला दोन होतात; ते चालेल. दुगुनीत त्या चार होतात. ते चालणार नाही. भडक लाल रंगाची उघडझाप तर टाळावीच. कृती घरातल्या मुलांना दाखवावयाची असेल तर दिवा लावून, पडद्यापासून दूर बसवून दाखवावी.

जतन आणि हक्क

कृती चलच्चित्राच्या एकाच धारिकेत न काढता आधी एकेक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी. साध्या संगणकाला या कामास काही तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर एकसंध धारिका वाया जाते; सुटी चित्रे असली की जेथे थांबले तेथून पुढे चालू करता येते. महाराष्ट्रातील लहान गावांत राहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. ध्वनीही संकोचन न करता ठेवावा. ६९ सेकंदांच्या दोन वाहिन्यांच्या ध्वनीला सुमारे १३ मेगाबाइट जागा पुरते. ही चित्रे, हा ध्वनी आणि मोजणीचा कागद एकत्र ठेवला, तर आज्ञावलीची पुढची आवृत्ती जुने काम उघडेनाशी झाली तरी कृती पुन्हा उभी करता येते. अहमदाबादच्या रचना अर्धशतकानंतर ऐकता आल्या त्या फिती कोणी पुसल्या नाहीत म्हणून.

चित्रपटगीतांचे तुकडे घेऊन त्यावर चित्रे जोडण्याची हौस पुष्कळांना असते. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. हे दोन हक्क स्वतंत्र असतात. घरात एकट्याने ऐकण्यापुरते ठीक. जगासमोर मांडावयाचे असेल तर परवानगी हवी. आकड्यांतून जन्मलेल्या स्वरांना ही चिंता नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. सिंथेसायझर, मोठे मॉनिटर, महागडे कार्ड हे सारे हप्त्यांवर घेऊन नंतर छंदाचा शोध घेणारे लोक भेटतात. बँकेच्या पत्रिकेत हे सांगणे थोडे विचित्र दिसेल, पण पहिल्या वर्षी बरा हेडफोन आणि बाह्य हार्ड डिस्क यांपलीकडे काही घेऊ नये.

दुसरा पाठ : झपताल

सोळा बिंदूंच्या प्रयोगात एक उणीव जाणकाराच्या लक्षात आली असेल. १,५३६ला पाचने भाग जात नाही, त्यामुळे पाच बाहूंची आकृती ३०७व्या आणि ३०८व्या फ्रेमच्या मध्ये कोठेतरी जुळते आणि नेमकी कधीच दिसत नाही. चूक अर्ध्या फ्रेमपेक्षा कमी असल्याने कानाला खटकत नाही, परंतु डोळ्याला फुलाची पाकळी किंचित तिरकी भासते.

त्यासाठी झपतालाचा आधार घ्यावा. दहा बिंदू, झपतालाची बारा आवर्तने, १२० मात्रा, ६० सेकंद, १,४४० फ्रेम. आता पाच बाहू २८८व्या फ्रेमला नेमके जुळतात, दहा बाहू १४४व्या फ्रेमला. एकापासून दहापर्यंतचे सर्व बिंदू पूर्ण फ्रेमवर समेला येतात. अपवाद फक्त सातव्याचा, कारण १,४४०ला सातने भाग जात नाही. त्यालाही सामावून घ्यावयाचे असेल तर एक ते दहा या साऱ्या अंकांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या शोधावी लागते. ती २,५२० आहे. सेकंदाला २४ फ्रेमप्रमाणे ती १०५ सेकंदांची होते आणि १२०च्या लयीत २१० मात्रांची, म्हणजे झपतालाची बरोबर २१ आवर्तने. या लांबीत सातवा बिंदू दर ३६० फ्रेमला, दर तीन आवर्तनांनी, ऐन समेवर वरच्या रेषेला भिडतो.